हिरवा ठिपका : सांगलीहून काम करणाऱ्या एका टेस्ट लीडचे प्रकरण

हे प्रकरण संबंधित टेस्ट लीडच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेणाऱ्या गटाच्या प्रमुखाच्या, संमतीने लिहिले आहे. तिची आणि कंपनीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, मात्र घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत. त्या काळात मी तिच्या प्रकल्पाची व्यवस्थापक होते. त्यामुळे यातले काही चुकीचे निर्णय माझेच आहेत.

पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली आणि हिंजवडीतले आमचे कार्यालय चार दिवसांत रिकामे झाले. ही टेस्ट लीड तेव्हा पुण्यात भाड्याच्या घरात पती आणि मुलीसह राहत होती. पहिले वर्ष तिने त्या घराच्या बेडरूममधून काम केले आणि त्याबद्दल तिची काहीही तक्रार नव्हती. २०२१ च्या सुरुवातीला सांगलीत तिच्या सासऱ्यांचे खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाले. सासूबाईंना एकटीने सगळे करणे शक्य नव्हते, पतीची औषध कंपनीतली फिरतीची नोकरी होती आणि त्याला सांगली भागात बदली मिळत होती. तिचे काम कुठूनही होण्यासारखे होते. जूनमध्ये पुण्याचे घर सोडून तिघे सांगलीला गेले. हा निर्णय तिचा स्वतःचा होता. ‘घरच्यांनी जायला लावले’ असा समज कार्यालयात बरेच दिवस होता आणि तो चुकीचा होता, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

सांगलीचे घर पुण्याच्या घराहून मोठे होते, वरच्या मजल्यावर एक स्वतंत्र खोलीही होती. तरी ती काम करत असे स्वयंपाकघराला लागून असलेल्या जेवणाच्या टेबलावर. तेथून अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची खोली दिसत असे आणि ते काठी घेऊन उठू लागले तर तिला लगेच जाता येत असे. जुलैमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा सखल भागातले नातेवाईक आठ दिवस घरी राहायला होते आणि त्या आठ दिवसांतही तिने एकही मीटिंग चुकवली नाही. मला त्या वेळी याचे कौतुक वाटले होते. नऊ माणसांच्या घरात ती हे कसे जमवत होती, हे मी विचारले नाही.

आमचा क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. त्यांच्या सकाळी साडेनऊला रोजचा स्टँड-अप, म्हणजे कामाच्या आढाव्याची मीटिंग होत असे, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सातला. सकाळी साडेनऊच्या सुमारास भारतातल्या गटाची बैठक, दिवसभर चाचण्यांचे काम आणि संध्याकाळी क्लायंट, असा दिवस होता.

अडचण कशी वाढत गेली

अमेरिकेतली घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, आपली जात नाहीत. २०२१ मध्ये भाऊबीज ६ नोव्हेंबरला होती आणि ७ नोव्हेंबरला तिकडची घड्याळे बदलली. सोमवारपासून सातची मीटिंग आठला गेली. कॅलेंडरने ती आपोआप सरकवली, कोणी निर्णय घेतला असे झालेच नाही. आठ ही त्या घरात सगळ्यांच्या जेवणाची वेळ होती, अण्णांच्या रात्रीच्या गोळ्यांची होती, आणि तिसरीतल्या मुलीला साडेनऊपर्यंत झोपवायचे असल्याने तिचीही तीच होती.

त्या आठवड्यात तिने मला एका ओळीचा निरोप पाठवला : ‘आठची वेळ थोडी अवघड जाते आहे.’ मी उत्तर दिले, ‘दोन आठवडे बघू, मग बोलू.’ दोन आठवड्यांनी मी बोलले नाही आणि तिने पुन्हा विचारले नाही. या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हा होता आणि तो कोणाच्या लक्षातही न येता निघून गेला.

दुसरा क्षण डिसेंबरमधला. गटाच्या मासिक बैठकीत मी तिचे सर्वांसमोर कौतुक केले, की हिला कधीही मेसेज करा, पाच मिनिटांत उत्तर येते. माझा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की गटातले अकरा जण आणि क्लायंटकडचे चौघे खरोखरच तिला कधीही मेसेज करू लागले आणि ते पाच मिनिटांचे उत्तर आता तिच्यावर बंधनकारक झाले. चॅटवर तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत कधी मावळत नसे. लॅपटॉप काही मिनिटे स्थिर राहिला की तो ठिपका पिवळा होतो, म्हणून ती पोळ्या लाटताना मध्येच येऊन पीठ लागलेल्या बोटाने माउस हलवून जात असे. हे तिने मला नंतर सांगितले.

मुलीनेही तिचा मार्ग शोधला होता. आईच्या कानावर हेडफोन असले की बोलायचे नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. ती चित्रकलेच्या वहीचा कागद फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘भूक लागली’ किंवा ‘बाईंनी सही मागितली’ असे लिहायची आणि लॅपटॉपच्या पडद्याशेजारी धरून उभी राहायची. असे वीस-पंचवीस कागद तिच्या आईने जपून ठेवले आहेत.

जानेवारी २०२२ मध्ये एका रिलीजमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत, बिलाच्या रकमेची मोठी चूक क्लायंटच्या ग्राहकांपर्यंत पोहोचली. रिग्रेशन चाचण्यांचा, म्हणजे नव्या बदलाने जुने काही बिघडले नाही ना हे पाहणाऱ्या चाचण्यांचा, एक संच चालवलाच गेला नव्हता आणि अहवालावर तिची मान्यता होती. अशी चूक तिच्याकडून तेरा वर्षांत झाली नव्हती. क्लायंटने ती समजून घेतली, आम्हीही कोणी आवाज चढवला नाही. त्याच आठवड्यात गुरुवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी तिचा राजीनाम्याचा मेल आला.

नोंदवही

तो मेल मी लगेच पाहिला, तरी रात्री उत्तर न देण्याचे ठरवले. माझ्या ज्या मोजक्या निर्णयांबद्दल आजही समाधान वाटते, त्यांतला हा एक आहे. दुसऱ्या दिवशी अकराला फोन केला. काम कमी करून देण्याची तयारी मी करूनच बसले होते. तिने ती पहिल्या दोन मिनिटांतच निरुपयोगी ठरवली. ती म्हणाली, ‘काम जास्त आहे असं मी म्हणतच नाहीये. रात्री साडेदहाला ओटा आवरतानासुद्धा फोन खिडकीत उभा करून ठेवते, कोणी काही विचारलं तर दिसावं म्हणून. बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. पण ठेवते.’

राजीनामा पंधरा दिवस बाजूला ठेवायचा आणि त्या काळात नोंद ठेवायची, असे ठरले. तिने मुलीची एक चौकटीची वही घेतली आणि दोन रकाने आखले : एक प्रत्यक्ष कामाचा, दुसरा ‘काम नाही, पण कामासाठी थांबले आहे’ या वेळेचा. एक नोंद अशी होती : ‘७.५० ते ८.०० – कुकर लावला, मीटिंग सुरू होण्याची वाट. ८.०० ते ८.४५ – मीटिंग, माझा विषय ६ मिनिटे. ८.२० – अण्णांच्या गोळ्या, म्यूट. ८.४५ ते १०.३० – कोणी काही विचारेल म्हणून चालू.’

दहा कामकाजाच्या दिवसांची सरासरी काढली तेव्हा प्रत्यक्ष काम रोजचे ८ तास ४० मिनिटे निघाले. पहिला मेसेज आणि शेवटचा मेसेज यांमधले अंतर मात्र साडेचौदा तास होते. टाइमशीटमध्ये आठवड्याचे ४५ तास दिसत होते आणि आम्ही त्यावर विसंबून निश्चिंत होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असल्याचे म्हटले होते. तो आकडा आमच्या मनुष्यबळ विभागाच्या सादरीकरणात होता आणि आमचे कोणीही ५५ च्या जवळ नाही, म्हणून सगळे ठीक आहे, असा निष्कर्ष आम्ही त्यातून काढला होता. थांबण्याची वेळ मोजणारा रकाना आमच्या टाइमशीटमध्ये नव्हताच.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने, म्हणजे २०१७ च्या कायद्याने, हा रकाना एका अर्थाने ओळखलेला आहे. दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास या मर्यादेबरोबरच त्या कायद्याच्या मूळ तरतुदीत कामाची सुरुवात आणि शेवट यांमधला एकूण विस्तार, मधल्या विश्रांतीसह, साधारणपणे साडेदहा तासांहून अधिक असू नये असे म्हटले होते. आमच्या पदांना तो कायदा किती लागू होतो हा वाद बाजूला ठेवला, तरी दिवस मोजण्याचे हे माप मला योग्य वाटले आणि पुढची सगळी आखणी आम्ही त्या साडेदहा तासांभोवती केली.

पर्यायांचा विचार

राजीनामा स्वीकारणे हा पर्याय अर्थातच होता. तिला तो स्वतःलाच नको होता, हे पहिल्या फोनमध्येच कळले. पुण्याला परत येऊन कार्यालयातून काम करणे हा दुसरा. ओमायक्रॉनच्या लाटेमुळे जानेवारीत कार्यालय पूर्ण उघडले नव्हते, आणि सांगलीला जाण्याचे कारण अजून तसेच होते. ब्रिटिश क्लायंटच्या प्रकल्पात बदली हा तिसरा पर्याय वेळेच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा होता, कारण तो फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचाच असतो. त्या प्रकल्पात तिच्या पातळीची जागा नव्हती.

अर्धवेळ कामाच्या पर्यायावर मात्र आम्ही सर्वाधिक वेळ घालवला. मनुष्यबळ विभागाला तो फार पसंत होता आणि तीही जवळजवळ तयार झाली होती. माझा त्याला ठाम विरोध होता आणि आजही आहे. अर्धवेळ झाली असती तर पगार निम्मा झाला असता, कदाचित सकाळचे काम कमी झाले असते, पण आठची मीटिंग तशीच राहिली असती आणि खिडकीतला फोनही तसाच राहिला असता. अडचणीत आलेल्या बाईला अर्धा पगार देऊ करणे हा आपल्या कार्यालयांचा ठरलेला उपाय आहे. कामाचे मोजमाप न करता तो पुढे केला जातो, म्हणून त्याची भीती वाटते.

संध्याकाळी सातनंतर कोणालाही मेसेज न करण्याचा कंपनीव्यापी नियम करावा, अशीही एक सूचना आली. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे आणि आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत त्याविषयीचे खासगी विधेयक मांडले होते. आमच्या प्रकरणात सातचा नियम उपयोगी पडला नसता, कारण क्लायंटचा दिवसच तेव्हा सुरू होतो. तिला संध्याकाळी काम करण्याची हरकत नव्हती. कोणत्या संध्याकाळी, किती वाजेपर्यंत, हे आधी माहीत असावे एवढेच तिचे म्हणणे होते.

प्रत्यक्ष कृती

फेब्रुवारीत तिचा दिवस नव्याने आखला. सकाळी ११ ते दुपारी ३.३० काम, ३.३० ते ५.३० पूर्ण बंद, ५.३० ते ९.३० पुन्हा काम. साडेनऊनंतर चॅट बंद आणि लॅपटॉप मिटलेला. सकाळी अकरापर्यंतचा वेळ तिचा. भारतातल्या गटाची बैठक साडेनऊवरून सव्वाअकराला नेली, आणि ते इतरांनाही बरे वाटले. रात्री खरोखर काही बंद पडले तर ऑन-कॉल यादीत ज्याचे नाव त्याला फोन करायचा, मेसेज करायचा नाही, असे ठरले. फोन करायला माणूस थोडा विचार करतो, या साध्या अनुभवावर तो नियम आधारलेला होता. मंगळवार आणि शुक्रवारचा स्टँड-अप तिच्याऐवजी गटातला एक तरुण सहकारी घेईल, अशी पाळी लावली.

मग मी क्लायंटच्या व्यवस्थापकाशी बोलले. ही गोष्ट मी तीन महिने टाळत होते, कारण वेळ बदलून मागणे म्हणजे तक्रार करणे, असे मला वाटत होते. मी सांगितले की हिवाळ्यात मीटिंग त्यांच्या साडेआठला ठेवली तर आमच्याकडे ती सातलाच राहील. भारतात घड्याळे बदलत नाहीत हे त्यांना माहीतच नव्हते. आमची मीटिंग वर्षभर एकाच वेळी असते, असे ते धरून चालले होते. त्यांचा स्वतःचा दिवस आठला सुरू होत होता. बदल त्याच फोनवर मान्य झाला. सगळे बोलणे नऊ मिनिटांचे होते.

घरची बाजू तिने स्वतः हाताळली. कार्यालयाने त्यात बोलणे योग्य नव्हते. तिने मात्र एक मागणी केली : नवीन वेळापत्रक कंपनीच्या कागदावर छापून, माझ्या सहीने द्यावे. मला ते विचित्र वाटले. स्वतःच्या वेळेबद्दल तिने तोंडी सांगितलेले पुरत नाही आणि कोणा बाहेरच्या माणसाच्या सहीला वजन येते, हे मला खटकले आणि अजूनही खटकते. तरी मी कागद दिला. तो तिने फ्रिजवर मुलीच्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी लावला. सासूबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, ‘एवढंच होतं तर आधी सांगायचंस. आम्हाला वाटायचं, तुझं केव्हाही चालतं.’ दुसऱ्या दिवसापासून त्या दारात आलेल्या शेजारणींना, ‘ती साडेतीनला मोकळी होते, तेव्हा या’ असे सांगू लागल्या.

ती वरच्या खोलीत बसू लागली. अण्णांच्या पलंगाला बिनतारी बेलचे बटण बांधले आणि बेल वर तिच्या टेबलापाशी ठेवली. पतीने आठवड्यातल्या चार संध्याकाळी जेवण आणि मुलीला झोपवणे आपल्याकडे घेतले. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले होते. या घरात तो फरक वहीतल्या नोंदींवरून दोघांनी मिळून मोजला, म्हणून त्यावर भांडण झाले नाही. पोळ्या त्याला जमत नसत. आठवड्यातले तीन दिवस त्या जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून येऊ लागल्या आणि सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडले तरी नंतर त्यांनाही ती सुटका वाटली.

परिणाम

पहिले तीन आठवडे ती साडेनऊला लॅपटॉप मिटून दहा वाजता फोनवर चॅट उघडून पाहत असे. हे तिने वहीत प्रामाणिकपणे लिहिले. चौथ्या आठवड्यात तिने फोनमधून चॅट काढून टाकले. मे महिन्यात पुन्हा दहा दिवसांची नोंद घेतली तेव्हा दिवसाचा विस्तार अकरा तासांच्या आसपास आला होता आणि प्रत्यक्ष काम पूर्वीइतकेच, साडेआठ तासांचे होते. तिमाहीच्या शेवटी रिलीजच्या आठवड्यात आखणी दोनदा मोडली, दोन्ही वेळा आम्ही दुसऱ्या दिवशी सुटी दिली. राजीनामा तिने फेब्रुवारीच्या अखेरीस मागे घेतला होता. चाचण्यांचा संच न चालवता मान्यता देण्याचा प्रकार पुन्हा झाला नाही. मुलीचे कागद एप्रिलनंतरचे नाहीत.

दोन गोष्टी मात्र बिघडल्या. मंगळवार-शुक्रवारची पाळी ज्या सहकाऱ्याकडे दिली होती, तो नागपूरला आई-वडिलांकडे राहून काम करत होता आणि अविवाहित होता. त्याला संध्याकाळी काय अडचण असणार, असे आम्ही गृहीत धरले. तो आठवड्यातल्या चार संध्याकाळी एका स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला जात होता आणि मीटिंगमुळे त्यातल्या दोन बुडत होत्या. हे जूनमध्ये कळले, तेही त्याच्या मित्राकडून. तोपर्यंत परीक्षेचा पहिला टप्पा होऊन गेला होता.

दुसरी गोष्ट बढतीची. एप्रिलमध्ये टेस्ट मॅनेजरची जागा निघाली तेव्हा तिचे नाव यादीत आले नाही, कारण समितीतल्या एका सदस्याच्या मते तिने ‘नुकतीच वेळ कमी करून घेतली होती’. तिने एक तासही कमी केला नव्हता. वही माझ्याकडे होती, आकडे माझ्याकडे होते, पण ते समितीपुढे ठेवायचे मला सुचले नाही, कारण प्रकरण सुटले असे मी मनाने ठरवून टाकले होते.

वेगळे काय करता आले असते

नोव्हेंबरमधल्या त्या एका ओळीच्या निरोपावर त्याच दिवशी क्लायंटला फोन करता आला असता. नऊ मिनिटांचे बोलणे तीन महिने लांबले आणि मधल्या काळात एका अनुभवी माणसाचा स्वतःच्या कामावरचा विश्वास डळमळला. चुकीनंतर तिने स्वतःला ‘निष्काळजी’ म्हटले होते आणि तो शब्द तिच्या तोंडून जायला बराच काळ लागला.

कौतुकाचे शब्दही मी वेगळे निवडायला हवे होते. त्वरित उत्तराचे कौतुक न करता, तिने लिहिलेल्या चाचण्यांतून ऑक्टोबरमध्ये किती गंभीर दोष आधीच पकडले गेले, ते सांगता आले असते. ती माहिती माझ्यासमोर होती.

पाळी लावताना प्रत्येकाला त्याच्या संध्याकाळबद्दल विचारणे आवश्यक होते, लग्न झाले आहे की नाही यावरून ठरवणे चुकीचे होते. जुलैपासून आम्ही ती पाळी पाच जणांत वाटली आणि कोणी कारण सांगितले नाही तरी दोन दिवस नाकारण्याची मुभा दिली. बढतीच्या समितीपुढे वेळापत्रक बदललेल्या प्रत्येकाचे प्रत्यक्ष कामाचे तास मांडण्याची पद्धतही त्यानंतर सुरू झाली. टेस्ट मॅनेजरची पुढची जागा २०२३ मध्ये निघाली आणि ती तिला मिळाली. एक वर्ष मात्र गेले.

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस, दिवाळीची सुटी संपल्यावर, तिने क्लायंटला आणि मला एकत्र मेल लिहिला : ‘६ नोव्हेंबरला तुमच्याकडची घड्याळे बदलतील. मीटिंग आमच्या सातलाच राहावी, म्हणून ती तुमच्या साडेआठला घेतली आहे.’ कॅलेंडरमधला बदल तिने आधीच केलेला होता. मी तो स्वीकारला.